उजनीचे उतरते पाणी : जाळी भरण्याचे आणि आवरण्याचे दिवस

(आमच्या प्रतिनिधीकडून)

पुणे-सोलापूर महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशांना पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. तेथील खानावळींत मिळणारी तळलेली चिलापी आणि मरळीचा झणझणीत रस्सा यांसाठी मुद्दाम गाडी थांबविणाऱ्या खवय्यांची संख्या मोठी आहे. ही मासळी येते ती भीमा नदीवरील उजनी जलाशयातून. ताटातील तुकडा पाहताना त्यामागे रात्रभर पाण्यावर असलेली एक छोटी होडी, दोन माणसे आणि काही शे मीटर लांबीचे जाळे आहे, हे मात्र शहरी ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

एप्रिल ते जून हा या मासेमारीचा अखेरचा टप्पा. पाणी झपाट्याने उतरते, मासळी थोड्या जागेत एकवटते आणि जाळी जड होतात. परंतु याच आठवड्यांत मोठ्या माशांच्या माद्या अंड्यांवर येऊ लागतात आणि याच आठवड्यांत वळवाचे वारे सुटतात. थोडक्यात, जलाशय ज्या काळात सर्वांत अधिक देतो, त्याच काळात मच्छीमाराला सर्वांत अधिक संयम पाळावा लागतो. हा संयम सुटला तर त्याची किंमत पुढील वर्षीच्या मासळीला आणि काही वेळा माणसांनाही मोजावी लागते. म्हणूनच हंगामाच्या अखेरीस ही मासेमारी कशी चालते, हे जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

जलाशयाचे गणित

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधण्यात आले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव देण्यात आले आहे. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमावर्ती भागात त्याचे पाणी पसरलेले असून इंदापूर, दौंड, करमाळा, माढा आदी तालुक्यांतील गावे त्याच्या काठावर आहेत. धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी म्हणजे ११७ अब्ज घनफूट इतकी आहे. त्यातील सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी पाणी उपयुक्त साठ्यात मोडते आणि उरलेले सुमारे साडेत्रेसष्ट टीएमसी मृत साठ्यात. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यातच असते.

याच कारणाने उन्हाळ्यात उजनीच्या बातम्यांत 'उणे' टक्केवारी वाचावयास मिळते. उपयुक्त साठा संपला की पातळी शून्य टक्के धरली जाते आणि त्याखालील प्रत्येक घट उणे आकड्यात मोजली जाते. नदीत सोडले जाणारे पाणी, काठावरील शेतीसाठी होणारा उपसा आणि बाष्पीभवन यांमुळे पाणी शून्याच्याही खाली जाते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नव्हते. परिणामी २०२४ च्या जूनच्या प्रारंभी साठा जवळपास उणे ६० टक्क्यांपर्यंत घसरला होता.

मासेमारीच्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते पातळीचे मोजमाप. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असून मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. दोहोंतील अंतर सहा मीटरही भरत नाही. दुमजली घराच्या उंचीइतके पाणी उतरले की 'शंभर टक्के' भरलेला जलाशय 'शून्य टक्के' होतो. जलाशयाचा तळ बशीसारखा सपाट आणि पसरट असल्याने पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर मागे सरकतो. ऑक्टोबरमध्ये जेथे होड्या बांधलेल्या असतात, तेथे मे महिन्यात चिखल, गवत आणि गाळपेर जमिनीवरील पिके दिसतात.

पाणी उतरते, मासा एकवटतो

पाऊस संपताना जलाशय तुडुंब असतो. त्या वेळी बुडालेले गवत, झुडपे आणि उथळ काठ यांत मासळी विखुरलेली असते. अन्न मुबलक आणि लपण्यास जागाही मुबलक. जाळे टाकले तरी ते विस्तीर्ण पाण्यातील एका रेघेएवढेच ठरते. हिवाळ्यात पाणी थंड झाले की माशांची हालचाल मंदावते. जाळे स्थिर असते आणि मासा स्वतः येऊन त्यात अडकावा लागतो. त्यामुळे मासा हलला नाही तर जाळेही रिकामेच येते.

फेब्रुवारीअखेरपासून चित्र पालटते. पाणी तापू लागते, माशांची भूक वाढते आणि त्यांचा वावरही वाढतो. दुसरीकडे पाण्याचा विस्तार दिवसेंदिवस घटत जातो. पूर्वी जी मासळी हजारो हेक्टरांत पसरलेली होती, ती आता जुन्या नदीपात्राच्या आणि ओढ्यांच्या खोलगट भागांत येऊन दाटते. धरणापूर्वीची भीमा ज्या पात्रातून वाहत होती, ते पात्र उन्हाळ्यात पाण्याखाली पुन्हा महत्त्वाचे ठरते. अनुभवी मच्छीमारांना त्याची वळणे, डोह आणि कडा ठाऊक असतात. जाळे पात्राच्या कडेला लावायचे की डोहाच्या तोंडाशी, हा निर्णय त्या स्मरणावर होतो.

पाण्याखाली गेलेली जुनी गावेही या काळात वर येऊ लागतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. एरवी पाण्यात असलेले हे मंदिर पाणी पुरेसे उतरले की उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी गर्दी होते. मच्छीमाराच्या दृष्टीने मात्र बुडालेल्या भिंती, चौथरे आणि झाडांचे बुंधे म्हणजे जाळे फाडणारे अडथळे होत. पाणी भरपूर असताना होडी ज्यांच्या वरून सहज जात असे, तेच आता पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. पाणी मागे हटेल तसे शेतकरी आपल्या मोटारी पुढे सरकवितात. त्यांचे पाइप आणि विजेच्या केबली हा होडीच्या वाटेतील आणखी एक धोका असतो.

छोटी होडी, लांब जाळे

भोई आणि कोळी समाजांतील अनेक कुटुंबांची उपजीविका या जलाशयावर अवलंबून आहे. भीमेकाठी पूर्वी नदी ओलांडण्यासाठी गूळ करण्याच्या काहिलीचाही होडीसारखा उपयोग केला जात असे. धरण झाल्यावर नदीचा जलाशय झाला आणि लाकडी, पत्र्याच्या तसेच फायबरच्या होड्या रूढ झाल्या. होडी बहुधा लहानच असते. वल्ह्यावर चालणारी, क्वचित छोटे इंजिन बसविलेली आणि दोन माणसे व जाळ्यांचा ढीग मावेल एवढीच. ज्यांना होडी परवडत नाही, ते टायरच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरही पाण्यात उतरतात.

होडी लहान असण्यास कारण आहे. उतरत्या पाण्यात काठालगत गुडघाभर पाणी आणि त्याखाली मऊ गाळ असतो. जड होडी तेथे रुतते. हलकी, सपाट तळाची होडी थोड्या पाण्यातूनही निघते आणि प्रसंगी दोघांना ओढून नेता येते. परंतु जे गुण उथळ पाण्यात उपयोगी पडतात, तेच उघड्या पाण्यावर दोष ठरतात. हलक्या होडीला वारा चटकन ढकलतो. तिच्या कडा पाण्यापासून फार उंच नसल्याने लाट सहज आत येते. आणि जाळे ओढताना दोघांचे वजन एकाच बाजूला आले तर ती कलंडू शकते.

मुख्य साधन आहे ते लावणीचे जाळे. वरच्या दोरीला तरंग आणि खालच्या दोरीला वजने लावलेले हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. पूर्वी सुती धागा वापरला जाई, नंतर नायलॉन आला. आता पारदर्शक, एकपदरी तंगूस सर्रास वापरला जातो. तो पाण्यात जवळजवळ दिसत नाही. जाळ्याच्या चौकोनी भोकाला 'आस' असे म्हणतात. मासा आसात डोके घालतो, पुढे जाता येत नाही म्हणून मागे फिरू पाहतो आणि त्याच्या कल्ल्यांची झाकणे धाग्यात अडकतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आस जेवढा, त्या मापाचाच मासा प्रामुख्याने अडकतो. लहान मासा आरपार निघून जातो आणि फार मोठ्याचे डोके आत शिरत नाही. कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा, हे जाळे विकत घेतानाच ठरलेले असते.

संध्याकाळ ते पहाट

उन्हाळ्यातील दिनक्रम बहुतांशी रात्रीभोवती फिरतो. ऊन उतरल्यावर होडी पाण्यात ढकलली जाते. एक जण वल्हे मारतो आणि दुसरा जाळ्याचा पदर सोडत जातो. पुष्कळदा ही दोन माणसे म्हणजे पती-पत्नीच असतात. अंधार पडण्यापूर्वी जाळी लावून व्हावीत, असा प्रयत्न असतो. कारण मासा संधिप्रकाशात सर्वाधिक फिरतो आणि त्या वेळी जाळे पाण्यात स्थिरावलेले असावे लागते.

थंडीत संध्याकाळी लावलेले जाळे सकाळी सावकाश उचलले तरी चालते. मे महिन्यात तशी मुभा नसते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, तर ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येते. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, परंतु रात्री स्वतःच तो वापरते. त्यामुळे पहाटेपूर्वीचा काळ माशासाठी सर्वांत अवघड असतो. जाळ्यात अडकलेला मासा धडपडतो, गुदमरून लवकर मरतो आणि गरम पाण्यात तितक्याच लवकर खराब होऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर एक फेरी मारून जाळी तपासली जातात आणि उजाडण्यापूर्वी ती उचलली जातात.

पहाटेचे तास महत्त्वाचे असण्यास बाजार हेही कारण आहे. भिगवण आणि इंदापूर येथील मासळी बाजारांत लिलावाने विक्री होते. सूर्य वर येण्यापूर्वी मासा बर्फात गेला तर तो पुण्यापर्यंत चांगला पोहोचतो. किनारा मागे हटल्याने मात्र होडीपासून रस्त्यापर्यंतचे अंतर वाढलेले असते. चिखलातून पाट्या डोक्यावर घेऊन चालणे हा या हंगामातील सर्वांत कष्टाचा भाग होय.

जाळ्यात काय येते?

उजनीची ओळख बनलेली चिलापी मुळात येथील नव्हे. ती आफ्रिकेतील जात असून भारतात १९५२ मध्ये आणली गेली. दोन-तीन महिन्यांच्या वयातच ती प्रजननक्षम होते, वर्षातून अनेकदा वीण घालते आणि मादी अंडी व पिले तोंडात धरून सांभाळते. दूषित पाणी आणि कमी प्राणवायू यांतही ती तग धरते. त्यामुळे ती बघता बघता जलाशयभर पसरली. गरिबांना स्वस्त मासळी आणि मच्छीमाराला बारमाही उत्पन्न हा तिचा लाभ आहे, तर स्थानिक जातींशी अन्न आणि जागा यांसाठी होणारी स्पर्धा हा तिचा तोटा आहे.

कटला, रोहू आणि मृगळ या प्रमुख कार्प जाती बाजारात अधिक भाव मिळवितात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून कोणते जाळे किती खोलीवर लावले आहे, यावरून काय मिळणार याचा अंदाज बांधता येतो. याखेरीज मरळ, वाम, शिंगाडा आदी स्थानिक मासेही येतात. मरळीला हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिलेली असल्याने ती उथळ, चिखलट पाण्यातही जिवंत राहते. बाजारात ती जिवंत विकली जाते, त्याचे रहस्य यातच आहे.

अलीकडच्या वर्षांत मत्स्यालयातील शोभेचा सकर मासाही राज्यातील नद्या-जलाशयांत आढळू लागला आहे. त्याचे अंग कठीण, काटेरी कवचाने झाकलेले असते. खाण्यास त्याला मागणी नाही, उलट जाळ्यात आला की धागे तोडल्याशिवाय तो निघत नाही. घरातील काचेच्या टाकीतला मासा 'मुक्त' करण्यासाठी नदीत सोडणाऱ्या शहरवासीयांनी याची नोंद घेणे आवश्यक आहे.

पोटातील अंडी, पुढील वर्षाचे भांडवल

चिलापी आणि कार्प यांच्यातील मूलभूत फरक उन्हाळ्याच्या अखेरीस समोर येतो. चिलापी साचलेल्या पाण्यात केव्हाही वीण घालते. कटला, रोहू आणि मृगळ यांचे तसे नाही. त्यांना पावसाचे नवे, वाहते पाणी लागते. मादी साधारणतः दुसऱ्या वर्षानंतर प्रजननक्षम होते. मार्च-एप्रिलपासून तिच्या पोटात अंडी वाढू लागतात आणि पुराचे लोंढे आले की हे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. एका मादीच्या वजनातील प्रत्येक किलोमागे एक लाखाहून अधिक अंडी असू शकतात. पाऊस लांबला अथवा लोंढा आला नाही तर ही अंडी न घालताच पोटात जिरून जातात.

साचलेल्या पाण्यात ही वीण होत नाही, या अडचणीवर भारतीय संशोधनाने उपाय शोधला. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यबीज केंद्रांत तयार होणारी आणि जलाशयांत सोडली जाणारी बोटुकली याच तंत्राची देणगी आहे.

तथापि बोटुकली सोडणे हा नैसर्गिक विणीला पर्याय नव्हे, पूरक उपाय आहे. मे महिन्यात धरलेली चार किलोची अंड्यांवर आलेली कटला बाजारात एकदाच पैसे देते. ती पावसापर्यंत राहिली असती आणि तिच्या लाखो अंड्यांतील अगदी मोजकी पिले वाढली असती, तरी पुढील वर्षी त्यांचे वजन तिच्यापेक्षा कितीतरी अधिक भरले असते. विणीच्या काळात मासेमारीस मनाई केली जाते, ती यासाठीच. परंतु ही मनाई पावसाळ्याशी जोडलेली असते, तर अंडी त्यापूर्वीच कित्येक आठवडे माशाच्या पोटात तयार होत असतात. मासळी सर्वांत दाटलेली आणि धरण्यास सर्वांत सोपी असते ती नेमकी याच मधल्या आठवड्यांत. नियमाचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे मच्छीमाराचा विवेक आणि ग्राहकाची निवड यांवरच भिस्त असते.

वडापचा फास

दुसरा प्रश्न लहान माशांचा. उजनीत 'वडाप' या नावाने ओळखले जाणारे बारीक आसाचे ओढजाळे ही प्रामाणिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. लावणीचे जाळे मासा निवडते, वडाप काहीच निवडत नाही. उथळ पाण्यात ते ओढले की चिलापीच्या पिलांपासून नुकत्याच सोडलेल्या बोटुकलीपर्यंत सारे काही त्यात गोळा होते. किलोभर वजन भरण्यास अशी शेकडो पिले लागतात. त्यांना मिळणारा भाव नाममात्र असतो. हीच रोहूची वा कटल्याची पिले पोषक पाण्यात वर्षभर वाढली तर एकेक मासा किलोच्या आसपास जाऊ शकतो.

पाणी भरलेले असताना वडाप ओढणे कष्टाचे असते. पाणी उतरून काठ सपाट आणि उथळ झाला की तेच काम सोपे होते. म्हणजे या साधनाचा धोकाही हंगामाच्या अखेरीसच वाढतो. पाण्यात स्फोटके अथवा विष टाकून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. बारीक आसाच्या जाळ्यांवर कारवाईची मागणीही वेळोवेळी होते. परंतु विस्तीर्ण काठ आणि रात्रीची वेळ यांमुळे प्रत्येक ठिकाणी पहारा ठेवणे अवघड आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीचा दर्जा मिळालेल्या व्यवसायाने बियाणे खाऊन टाकू नये, ही अपेक्षा त्यात ओघाने आलीच.

वळवाचा वारा

आता माणसाच्या जिवाविषयी. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठावर पोहोचल्याने दुर्घटनेची माहिती मिळाली. त्यापूर्वी ३० एप्रिल २०१७ रोजी डॉक्टरांच्या सहलीची होडी याच जलाशयात उलटून चौघांचा बुडून मृत्यू झाला होता. या दोन्ही होड्या मासेमारीच्या नव्हत्या, परंतु दोन्ही दुर्घटना हंगामाच्या अखेरच्या आठवड्यांतील आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वळवाचा वारा फसवा असतो, तो त्याच्या वेगामुळे आणि अचानकपणामुळे. दुपारच्या उष्णतेने हवा वर चढते, उंच ढग तयार होतात आणि त्यांतून थंड हवेचा लोट खाली कोसळून जमिनीलगत सर्वदूर पसरतो. पाऊस अद्याप कोसांवर असताना वारा येऊन थडकतो. हवामानशास्त्रात वाऱ्याचा वेग एकाएकी ताशी किमान २९ किलोमीटरने वाढून ४० किलोमीटरवर गेला आणि किमान एक मिनिट टिकला, तर त्याला चंडवात मानतात. एक मिनिट हा काळ कागदावर अल्प वाटतो. हलक्या होडीला आडवे करण्यास तो पुरेसा असतो.

जलाशयाच्या पसरट रचनेमुळे धोका आणखी वाढतो. मैलोगणती उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडविणारे काही नसते. उथळ पाण्यात उठणाऱ्या लाटा समुद्राच्या लाटांप्रमाणे लांब नसून आखूड आणि उभट असतात. एक लाट होडीत शिरते, ती उपसेपर्यंत दुसरी येते. शिवाय काठ जवळ दिसला तरी तो गाळाचा असतो. पोहणारा तेथे पोहोचला तरी पाय रुततात आणि दमलेल्या माणसाला उभे राहता येत नाही.

जाणकार मच्छीमार अशा वेळी काही नियम पाळतात. आकाशाच्या कडेला ढग काळवंडू लागले, वारा एकाएकी पडला किंवा दूरवर धुळीचा पडदा दिसू लागला की जाळे कितीही भरलेले असो, ते सोडून होडी काठाकडे वळविली जाते. आपल्या गावच्या धक्क्याकडे नव्हे, तर सर्वांत जवळच्या काठाकडे. वाऱ्याने मधेच गाठले तर होडीचे तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवले जाते, कारण आडव्या होडीत लाट भरते. दोघेही तळाशी बसतात. जाळे होडीला बांधलेले असेल तर दोर कापला जातो. होडी उलटलीच तर तिला सोडून पोहत निघण्यापेक्षा तिला धरून राहणे अधिक सुरक्षित असते. अर्थात होडी पूर्ण बुडणार नाही अशी तिची बांधणी असावयास हवी. फायबरच्या होडीत हवाबंद कप्पे किंवा रिकामे बंद डबे बांधलेले असणे याच कारणासाठी आवश्यक आहे.

या सर्वांपेक्षा अधिक खात्रीचा उपाय म्हणजे अंगात घातलेले जीवरक्षक जाकीट. ते होडीत असते, पण उकाड्यामुळे आणि जाळ्यात अडकते म्हणून अंगावर नसते, असा प्रकार जागोजागी दिसतो. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप उपलब्ध आहे. उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू होडीतला माणूसच असतो. त्यामुळे ही सूचना मच्छीमारासाठी विशेष मोलाची आहे.

पाण्याचा दर्जा

अखेरच्या टप्प्यातील आणखी एक चिंता वरच्या अंगाला असलेल्या शहरांशी जोडलेली आहे. इंद्रायणी आणि मुळा-मुठा या नद्या भीमेला मिळतात आणि पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी पुढे उजनीत येते. पावसाळ्यात भरपूर पाण्यामुळे ते विरळ होते. उन्हाळ्यात साठा घटल्यावर त्याचा प्रभाव वाढतो, पाणी हिरवे दिसू लागते आणि जलपर्णी पसरते. जलपर्णीचे पट्टे वाऱ्याबरोबर सरकत येऊन जाळी गुंडाळून नेतात. पहिल्या पावसाचे पाणी नदीत साचलेली घाण घेऊन एकदम आले तर प्राणवायू घटून मासे मरण्याचा धोका असतो. पुण्याच्या स्वयंपाकघरातून निघालेले पाणी आणि पुण्याच्या ताटात येणारी मासळी यांचा असा थेट संबंध आहे.

ग्राहकाने आणि पर्यटकाने काय करावे?

मासळीचा बाजार ग्राहकाच्या मागणीवर चालतो. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये पुढील गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

- या काळात मोठ्या, अंड्यांवर आलेल्या कटला-रोहूऐवजी चिलापी घ्यावी. ती वर्षभर वाढते आणि तिची संख्या भरून निघण्यास अडचण नसते.
- बोटभर लांबीची पिले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.
- ताज्या माशाचे कल्ले लालसर, डोळे फुगीर व चकचकीत आणि मांस दाबल्यावर पुन्हा वर येणारे असते. उन्हाळ्यात बर्फाविना ठेवलेला मासा घेणे टाळावे.
- पक्षी किंवा जुनी मंदिरे पाहण्यासाठी होडीत बसावयाचे असल्यास सकाळची वेळ निवडावी. दुपारनंतर ढग दिसत असतील तर बेत रद्द करावा.
- प्रत्येकाला जाकीट मिळत नसेल तर त्या होडीत बसू नये. मिळालेले जाकीट मांडीवर न ठेवता अंगात घालून बंद बांधावेत.
- छायाचित्र काढण्यासाठी होडीत उभे राहू नये. सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये.
- घरच्या मत्स्यालयातील मासे नदी, तलाव वा जलाशयात सोडू नयेत.

हंगामाचा शेवट

हंगाम कधी संपेल, हे दिनदर्शिका सांगू शकत नाही. उजनीच्या काठावर पाऊस बेताचाच पडतो. जलाशय भरतो तो सह्याद्रीतील पावसाने आणि वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्याने. त्यामुळे जूनमध्ये येथील मच्छीमारांचे लक्ष आकाशाइतकेच दौंड येथे मोजल्या जाणाऱ्या विसर्गाच्या आकड्याकडे असते. २०२४ मध्ये पाणी जूनपर्यंत उतरत राहिले. २०२५ मध्ये याउलट घडले. मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, मेअखेरीसच उजनीचा साठा वाढू लागला आणि उतरत्या पाण्यातील मासेमारीचे शेवटचे आठवडे आकसले.

दौंडकडून गढूळ पाण्याचा पहिला लोंढा येतो, तेव्हा पात्रातील डोहांत तग धरून राहिलेले मोठे मासे त्या पाण्याच्या दिशेने निघतात. त्यांची संख्या किती, यावर पुढील वर्षीची जाळी अवलंबून असतात. होड्या काठावर पालथ्या घातल्या जातात, फाटलेली जाळी दुरुस्तीसाठी घरी नेली जातात. मे महिन्यात जाळ्यातून निसटलेला प्रत्येक मोठा मासा आणि वारा पाहून वेळीच काठाला आलेली प्रत्येक होडी, या दोन्हींची त्या हंगामाच्या जमाखर्चात जमेच्या बाजूलाच नोंद व्हावयास हवी.